बुलेटचा कॅम बदलतांना

मोटारसायकलीच्या एंजिनांत पोलादाचा एक लहानसा भाग असतो. त्यास कॅम म्हणतात. तो पुरता वाटोळा नसतो. एका बाजूस नाकासारखा पुढें आलेला असतो. तो फिरूं लागला कीं हें नाक टॅपेट नांवाच्या दांडीला वर लोटतें, टॅपेट पुशरॉडला लोटतो आणि शेवटीं झडप उघडते. झडप केव्हां उघडावी, किती उचलावी व केव्हां मिटावी हें सारें त्या नाकाच्या आकारांत कोरलेलें असतें. यामुळेंच, कॅम बदलला कीं गाडीची शक्ति वाढते, असें तरुण मंडळी म्हणतात. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. मात्र त्यांत अर्धीच गोष्ट आलेली आहे.

उदाहरणासाठीं रॉयल एन्फील्डची जुनी ३५० बुलेट घ्यावी. मूळची ही इंग्लंडांतील रेडिच गांवची. १९५२ सालीं स्कॉटलंडांतील सहा दिवसांची डोंगराळ शर्यत जॉनी ब्रिटन यानें बुलेटवरच जिंकली होती. १९५५ सालापासून तिचा कारखाना मद्रासेस निघाला, आणि तिचें लोखंडी सिलिंडरचें एंजिन पुढें अर्धशतकाहून अधिक काळ तेथें तयार होत राहिलें. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धांव ९० मिलिमीटर, आणि शक्ति मिनिटास सुमारें ५,६०० फेऱ्यांवर अवघी १८ अश्वशक्ति. ही लांब धांवेची, सावकाश पण नेटानें ओढणारी प्रकृति होय. त्यांत वेगाची हौस धरणाऱ्यास हे १८ घोडे अपुरे वाटतात, हेंहि साहजिक आहे.

मिनिटास ५,६०० फेरे असतां पिस्टनची एक धांव सेकंदाच्या सुमारें १८७ व्या हिश्श्यांत संपते. एवढ्या अल्पकाळांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण सिलिंडरांत भरावयाचें असतें. हवेलाहि वजन आहे. ती एकदां वेगानें आंत लोटूं लागली कीं, गर्दीच्या दारांतून शिरणाऱ्या लोकांप्रमाणें, मागच्यांच्या रेट्यानें येतच राहते. पिस्टन तळ गांठून वर वळला तरी कांहीं काळ थांबत नाहीं. म्हणून आंत घेणारी झडप उशीरां मिटवितात. पण एंजिन हळू चालत असतां हा रेटाच नसतो. मग उशीरां मिटणाऱ्या झडपेंतून भरलेलें मिश्रण उलट बाहेर ढकललें जातें. तसेंच धूर सोडणारी झडप मिटण्यापूर्वींच आंतली झडप उघडली, व हा दोन्ही उघड्या असण्याचा काळ लांबला, तर मंद चालींत जळका धूर नव्या मिश्रणांत मिसळतो आणि बुलेटचा तो प्रसिद्ध ठोका अडखळूं लागतो.

सारांश, कॅम शक्ति निर्माण करीत नाहीं. ती कोणत्या वेगावर मिळावी एवढेंच ठरवितो. झडप दीर्घकाळ उघडी ठेवणारा शर्यतीचा कॅम वरच्या फेऱ्यांवर कांहीं घोडे देईल, पण खंबाटकीचा घाट तिसऱ्या गियरमध्यें चढतांना जी ओढ हवी तीच हिरावून घेईल. आणि वरचे घोडे हवे असतील तर एंजिन त्या फेऱ्यांपर्यंत न्यावें लागतें. खरा धोका येथेंच आहे. पिस्टन व कनेक्टिंग रॉड यांना क्षणोक्षणीं थांबवून उलट फिरविणारें बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. ५,६०० ऐवजीं ६,५०० फेरे केले तर वेग सोळा टक्के वाढतो, पण रॉडवरील ताण सुमारें पस्तीस टक्के! ज्या बिग एंड बेअरिंगनें वर्षानुवर्षें साथ दिली, त्यानें हा वाढीव भार मुकाट्यानें सोसावा अशी अपेक्षा करणें अन्यायाचें आहे.

तेव्हां रस्त्यावरच्या गाडीस साजेल असा कॅम निवडतांना झडप किती काळ उघडी राहते यापेक्षां ती किती उंच उचलली जाते, याकडे अधिक लक्ष द्यावें. थोडी अधिक उचल व बेताचा काळ असला तर मधल्या फेऱ्यांवरच श्वास मोकळा होतो. या उचलीलाहि मर्यादा आहे. बुलेटच्या टॅपेटचा पाय सपाट असतो. कॅमचा चढ फार उभा केला तर स्पर्शबिंदु त्या पायाच्या कडेपर्यंत सरकतो आणि कड कॅमला खरवडते. चढ उभा असला कीं झडपेची स्प्रिंगहि कडक लागते. मऊ स्प्रिंग वेगांत मागें पडते, झडप कॅमचा माग सोडून तरंगते आणि पिस्टनवर आदळण्याची भीति उत्पन्न होते. तसें झालें तर सिलिंडर, पिस्टन, डोकें, सगळाच खर्च. उलट स्प्रिंग गरजेपेक्षां कडक घातली तर कॅमचें नाक झिजतें. फिल इरविंग यांचें १९४८ सालीं निघालेलें 'ट्यूनिंग फॉर स्पीड' हें पुस्तक या विद्येंतील जुनें व मान्य पुस्तक आहे. ज्यास इंग्रजी वाचतां येतें त्यानें तें अवश्य पाहावें.

कॅम बसवितांना घाई करणारा मिस्त्री टाळावा. टायमिंग चक्रांवरील खुणा जुळवून भागत नाहीं. अंश दाखविणारी चकती व डायल गेज लावून झडपेच्या वेळा प्रत्यक्ष मोजाव्या. पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळण्यांतील मऊ मातीचा थर द्यावा, डोकें बसवून एंजिन हातानें दोन पूर्ण फेरे फिरवावें आणि माती कापून पाहावी. अत्यंत पातळ जागींहि दीड-दोन मिलिमीटर जाडी उरली पाहिजे. झडप पूर्ण उघडली असतां स्प्रिंगचे वेढे एकमेकांस टेकतां कामा नयेत. कार्ब्युरेटरचा जेट नव्या श्वासास जुळवून घ्यावा. तो जुनाच राहिला तर मिश्रण पातळ पडून एंजिन तापतें, व दोष मात्र बिचाऱ्या कॅमच्या माथीं येतो.

या जुन्या बुलेटमध्यें एंजिन थंड असतां पुशरॉड बोटांनीं सहज फिरावी पण वर-खालीं हलूं नये, इतकीच मोकळीक ठेवण्याची रीत आहे. कॅम करणाऱ्यानें निराळें माप सांगितलें असेल तर तेंच पाळावें. २०१० च्या सुमारास आलेल्या नव्या एंजिनांत टॅपेट तेलाच्या दाबानें आपोआप जुळतात. तेथें हें माप लागत नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें ५२ वें कलम कारखान्याच्या मूळ तपशिलांत फेरफार करण्यास आळा घालतें, हेंहि काम हातीं घेण्यापूर्वीं ध्यानांत असावें.

नव्या कॅमच्या पहिल्या वीस मिनिटांवर त्याचें आयुष्य बरेंचसें ठरतें. कॅमच्या नाकास व टॅपेटच्या पायास दाट वंगण चोपडावें, आणि एंजिन सुरू होतांच तें मंद चालीवर न ठेवतां दोन हजार फेऱ्यांच्या आसपास कमीजास्त करीत चालवावें. मंद चालींत तेल कमी उडतें, आणि स्प्रिंगचा सगळा दाब नाकावर येतो. नंतर तेल काढून टाकावें व गाळणींत पोलादाची चमकती पूड दिसते कीं काय तें पाहावें. ती दिसल्यास गाडी तेथेंच थांबवून टायमिंगचें झांकण उघडावें.