बुडालेल्या आगबोटीने पोसलेले गाव

शेत पिकले नाही तर गाव कशावर जगते? कोणी मजुरीला जातो, कोणी शहराची वाट धरतो. इंडोनेशियातील बाली बेटावर तुलांबेन नावाचे एक किनाऱ्यावरचे गाव आहे. त्या गावाला आधार मिळाला तो समुद्रात पडलेल्या एका मोडक्या आगबोटीचा!

बाली म्हटले की हिरवीगार भातखाचरे डोळ्यांपुढे येतात. पण तुलांबेन आहे बेटाच्या कोरड्या, ईशान्य बाजूला. पाऊस कमी, जमीन काळ्या दगडगोट्यांची. मका आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा, एवढीच काय ती तिथली पिके. गावामागे आगुंग हा तीन हजार मीटरपेक्षा उंच ज्वालामुखी उभा आहे. बालीतले बहुसंख्य लोक हिंदू आहेत आणि हा डोंगर ते पवित्र मानतात.

आगबोट आली कोठून?

या आगबोटीचे नाव ‘लिबर्टी’. १९१८ साली अमेरिकेत बांधलेली ही मालवाहू बोट सुमारे १२५ मीटर लांब. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तिने फ्रान्सला लष्कराचे घोडे पोचवले. दुसऱ्या महायुद्धात, ११ जानेवारी १९४२ रोजी, ती रेल्वेचे सुटे भाग आणि रबर घेऊन फिलिपाइन्सकडे निघाली असता लोंबोक सामुद्रधुनीजवळ एका जपानी पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला. दोन लढाऊ जहाजांनी तिला ओढून बंदराला न्यायचा प्रयत्न केला. पण पाणी भरत चालले, तेव्हा तुलांबेनच्या किनाऱ्यावर तिला चढवून ठेवले.

तिथे ती एकवीस वर्षे पडून होती. कामाचे सामान लोकांनी काढून नेले. मग १९६३ साली आगुंग फुटला. हजारावर माणसे दगावली. त्याच वेळी जमिनीला बसलेल्या हादऱ्यांनी ही बोट किनाऱ्यावरून घसरली आणि पाण्यात गेली.

लोखंडावरची बाग

तिथला तळ काळ्या वाळूचा. वाळू सारखी सरकते, म्हणून तिच्यात प्रवाळ रुजत नाही. प्रवाळ हे झाड नव्हे, तो बारीक जिवांचा समूह असतो आणि त्याला चिकटायला घट्ट आधार लागतो. वेलीला मांडव मिळावा तसा त्याला बोटीचा सांगाडा मिळाला. प्रवाळाच्या आडोशाला लहान मासे आले, त्यांच्यामागे मोठे आले. कपाळावर टेंगूळ असलेले, तीन-चार फूट लांबीचे पोपटमासे तिथे दिसतात. ते प्रवाळ करकरा चावतात आणि त्याची वाळू करून बाहेर टाकतात.

हे सारे किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. बोटीचा वरचा भाग सुमारे ५ मीटरवर, म्हणजे विहिरीच्या हिशेबाने तीन परस पाण्याखाली आहे. खालचा भाग सुमारे ३० मीटरवर. वरचा भाग पाहायला बुडी मारावी लागत नाही. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी आणि अंगात जीवरक्षक जाकीट घालून पालथे तरंगायचे. यालाच स्नॉर्केलिंग म्हणतात. खाली जायचे तर पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी घ्यावी लागते, ते स्कूबा. त्याला शिक्षण हवे. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो आणि कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की कान मोकळे होतात. वर येताना मात्र श्वास कधीही रोखायचा नाही. दाब कमी होताच छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते.

डोक्यावर टाकी

या टाक्या किनाऱ्यापर्यंत नेतात त्या गावातल्या बायका! एक टाकी भरते साधारण १५ किलोंच्या आसपास. डोक्यावर चुंबळ ठेवून, कधी दोन-दोन टाक्या घेऊन, त्या गोट्यांवरून सरळ चालत जातात. पाहुणे तिथे अडखळतात. पुरुष वाटाड्याचे काम करतात. कोणी खाणावळ चालवते, कोणी खोल्या भाड्याने देते.

पण एकाच पिकावर विसंबले की काय होते, हे आपण जाणतो. २०१७ साली आगुंग पुन्हा जागा झाला, आसपासच्या लोकांना घरे सोडावी लागली, विमानतळ काही दिवस बंद पडला आणि पाहुणे आटले. २०२० साली करोनाने पुन्हा तेच केले. शिवाय खारे पाणी लोखंड खातच आहे. प्रवाळ तर एका लाथेने मोडतो आणि वाढायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून पाहुण्याने काही धरायचे नाही, काही उचलायचे नाही, एवढ्यावरच या गावाची भाकरी टिकून आहे.

आपल्याकडे

मालवण-तारकर्लीला आता आपलीही मंडळी स्नॉर्केलिंग करतात. नौदलातून २०२४ साली निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून तिच्यावर असेच प्रवाळ वाढवण्याची योजनाही शासनाने आखली आहे. तुम्ही मुलाबाळांसह गेलात तर एवढे पाळा. पोहता येत असले तरी जाकीट घट्ट बांधा. परवानाधारक वाटाड्याशिवाय पाण्यात उतरू नका आणि पावसाळ्यात तर मुळीच नको. दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दी झालेल्याने आणि गर्भवतीने टाकी बांधून बुडी मारू नये. आणि मुलांनी प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून मागितला, तर उभ्या पिकातले कणीस परक्याने मोडलेले आपल्याला चालेल का, एवढे त्यांना विचारा.