बॉक्सवरचा प्लॉट नंबर

द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी. माल मात्र एकदाच, जानेवारी ते एप्रिल. डावणी, भुरी हे रोग आणि गारपीट यांतून वाचलेले घड बांधावर आलेल्या व्यापाऱ्याच्या भावाने जातात. पैसे बुडवून पसार झालेला व्यापारीही नाशिक जिल्ह्याला नवा नाही. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांच्या मालकीची उत्पादक कंपनी या जाचातूनच उभी राहिली.

राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकलेले तिचे संस्थापक विलास शिंदे शेतकऱ्यांना जोडून युरोपला द्राक्षं पाठवत होते. २०१० साली घाव बसला. वेलीची वाढ रोखायला सर्रास फवारल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाटचे अंश युरोपात सापडले, कंटेनर अडकले, निर्यातदार आणि बागायतदार दोघेही कर्जात बुडाले. त्याच सुमारास ‘सह्याद्री’ आकाराला आली. माझ्या मते तिची खरी वाढ त्या फटक्यानंतरच्या शिस्तीत आहे.

ती शिस्त पॅकहाऊसमध्ये दिसते. घड देठाला धरूनच उचलायचा, मण्यावरची पांढरट झाक पुसली जाता कामा नये. बायका बारीक कात्रीने खराब मणी काढतात. बॉक्समध्ये ग्रेपगार्डचा कागद पडतो, त्यातून सुटणारा गंधकाचा वायू बुरशी रोखतो. प्रीकूलिंग करून माल शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. बॉक्सवरच्या नोंदीवरून तो कोणाच्या कुठल्या प्लॉटमधला, हे शोधता येतं.

चार महिन्यांच्या फळावर बारा महिन्यांचा पगार निघत नाही. म्हणून टोमॅटो आला, आंब्याचा पल्प आला, फ्रोजन भाजीपाला आला. बागेत ‘आरा’सारखे परवान्याचे वाण आले. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले, पण उपकंपनीत. कायद्याने उत्पादक कंपनीचे सभासद उत्पादकच असू शकतात, त्यामुळे मूळ कंपनीची मालकी शेतकऱ्यांकडेच राहिली. गुंतवणूक उपकंपनीतच घेण्याचा हा निर्णय मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

हाच जाच आंब्यालाही आहे. लखनौजवळच्या मलिहाबाद, बख्शी का तालाब पट्ट्यातल्या दशहरी आंब्याचा हंगाम द्राक्षापेक्षाही आखूड, आणि तिथल्या कित्येक बागा फळ पिकण्याआधीच ठेकेदाराकडे जातात. तिथल्या बागवानांनी एकदा मोहाडीला जरूर यावं. यंत्रं नंतर बघा. आधी प्लॉटवार फवारणीच्या नोंदी मागून घ्या.