अनभिज्ञ नायक : जपानी चित्रकथांतला ‘दोनकान’

पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सांध्यावरच्या भानुदत्ताने ‘रसमंजरी’त नायक-नायिकांचे भेद मांडताना एका माणसाला जवळजवळ दारातूनच परत पाठवले आहे. तो म्हणजे अनभिज्ञ नायक. नायिका परोपरीने सुचवते आणि याला काहीच उमगत नाही. संकेत न कळणारा हा पुरुष भानुदत्ताच्या लेखी नायकच नव्हे, तो नायकाभास. (ग्रंथातल्या निजामाच्या उल्लेखावरून भानुदत्ताचा संबंध अहमदनगरच्या निजामशाहीशी जोडला जातो. म्हणजे हा निवाडा कदाचित आपल्याच मुलखात झाला असेल.)

जपानी मांगा, म्हणजे तिथल्या चित्रकथा, आणि अ‍ॅनिमे, म्हणजे बहुधा त्यांवरूनच निघणाऱ्या सचेतपट मालिका, यांनी मात्र याच माणसाला पंगतीत पहिल्या पाटावर बसवले. तिकडे त्याला नावही आहे: ‘दोनकान’. ‘दोन’ म्हणजे बोथट, ‘कान’ म्हणजे संवेदना. मराठी माणसाला हा शब्द ऐकताच हसू येईल, कारण या नायकाला दोन्ही कान असतात, फक्त मोक्याच्या क्षणी ते चालत नाहीत. जपानी वाचकांनी तर अशा नायकांच्या एका पोटजातीला ‘ऐकू कमी येणारा नायक’ असेच नाव ठेवले आहे.

हा माणूस जपानमध्येच इतका का फोफावला? ‘जपानी लोक लाजाळू’ हे उत्तर मला आळशी वाटते. अर्धे उत्तर भाषेतच आहे. जपानी वाक्यात कर्ता आणि कर्म गाळलेले चालतात. ‘सुकी देसु’ एवढे म्हटले की कुणाला तरी काहीतरी आवडते, इतकेच कळते. तू, हा चहा की हे झाड, ते ऐकणाऱ्याने ताडायचे. मराठीत ही पळवाट नाही. ‘आवडतोस’ म्हटले की क्रियापदाच्या शेपटातच समोरचा पुरुष सापडतो; ‘तू’ गाळला तरी सुटका नाही. दुसरा शब्द ‘त्सुकिआत्ते’. त्याचा अर्थ ‘माझ्याशी प्रेमाचे नाते जोड’ असा होतो आणि ‘जरा माझ्याबरोबर चल’ असाही होतो. ‘इन्फिनिट स्ट्रॅटोस’ या 2011 सालच्या अ‍ॅनिमेत होकी ही मुलगी इचिकाला बजावते की स्पर्धा जिंकले तर तुला ‘त्सुकिआत्ते’ करावे लागेल. तो पुढे आनंदाने कबूल होतो, खरेदीला सोबत यायला! ‘येशील माझ्याबरोबर?’ एवढे मोघम ठेवले तर हा विनोद मराठीतही निभावेल. ‘सुकी’चा निभावणार नाही.

त्यातच ‘कोकुहाकु’ची रीत आहे. मनातले प्रेम समोरच्याला शब्दांत, एकदा, स्पष्ट सांगायचे, आणि त्याने होकार दिला की नाते सुरू झाले असे मानायचे. तोवर एकत्र घालवलेल्या संध्याकाळी, डबे, भेटी यांना पुराव्याचे मोल नाही. अनभिज्ञ नायक या रीतीचा पुरेपूर फायदा उठवतो, कारण मला कुणी सांगितलेच नाही, असे त्याला म्हणता येते. आपल्या देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये याच्या उलट घडते. तिथे एका तसबिरीवरून नसलेले प्रकरण रचले जाते; इथे ढीगभर पुरावे असूनही असलेले प्रकरण दिसत नाही.

सगळे अनभिज्ञ सारखे नसतात. ‘ड्रॅगन बॉल’चा (1984) गोकू रानात आजोबांजवळ वाढलेला. बायको म्हणजे काहीतरी खाण्याची वस्तू असावी अशा समजुतीने तो लहानपणी चीचीला लग्नाचे वचन देतो. हे निव्वळ अज्ञान. त्यात गंमत आहे, पण त्याहून जास्त काही नाही.

इझुमी त्सुबाकी यांच्या ‘गेक्कान शोजो नोझाकी-कुन’मध्ये (2011) गोष्ट जास्त खोल जाते. चियो साकुरा शाळासोबती नोझाकीला मनातले सांगायला जाते आणि घाबरून भलतेच बोलून बसते, मी तुमची चाहती आहे म्हणून. तो तिला स्वाक्षरी देतो. स्वाक्षरी एका बाईच्या नावाची, कारण हा धिप्पाड मुलगा टोपणनावाने मुलींसाठी प्रेमकथांच्या मांगा काढतो. मला सतत तुझ्याबरोबर राहायचे आहे, असे ती सुचवते. तो तिला घरी नेतो आणि चित्रांतल्या काळ्या जागा शाईने भरायला बसवतो. प्रेमाचा प्रत्येक संकेत याला पाठ आहे, पण कागदावरचा. साकुरासारखी मुलगी शेजारी असताना तो आपली नायिका बेततो एका लाजऱ्या मित्रावरून. ज्याला अलंकारशास्त्र मुखोद्गत आहे असा हा अनभिज्ञ भानुदत्ताला सुचला नसता!

उत्तराचा उरलेला अर्धा भाग छापखान्यात आहे. मांगा साप्ताहिकांतून, मासिकांतून क्रमशः येते. ‘शोनेन जंप’सारख्या साप्ताहिकात वाचक पोस्टकार्डावर आपली आवड कळवतात आणि तळाला गेलेली मालिका बंद पडते. वाचक टिकवायचा तर नायक-नायिकेतला ताण टिकवायला हवा. रुमिको ताकाहाशींची ‘रानमा’ 1987 ते 1996 अशी चालली आणि शेवटी लग्नापर्यंत येऊनही लग्न लागले नाही. तिथे दोघांना सारे कळते, फक्त कबूल करवत नाही. ज्या लेखकाला असा हट्टी जोडा साधत नाही तो नायकाला बहिरा करतो. नायिका हळूच काही पुटपुटते, त्याच वेळी आगगाडी जाते, फटाका फुटतो, वारा सुटतो, आणि पुढचे दोन खंड सुखाने निघतात. अशा शेकडो मालिका आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा मी वाचल्या नाहीत तरी चालले असते.

या सोयीवर घाव घातला तो त्याच जातीच्या एका मालिकेने. योमी हिरासाका यांच्या 2009 ते 2015 या काळातल्या कादंबरीमालिकेचे नाव मोठे आहे, तिला ‘हागानाइ’ या लघुनावानेच ओळखतात. तिचा नायक कोदाका ऐन वेळी एकच वाक्य बोलतो: काय म्हणालीस? वाचक हसतात, सवय होते. मालिका बरीच पुढे गेल्यावर रिका ही मैत्रीण त्याला पकडते. त्याला पहिल्यापासून ऐकू येत होते. कुणा एकीला उत्तर दिले तर जेमतेम जमलेला मित्रांचा गट फुटेल, म्हणून तो बहिरा झाला होता. कोपऱ्यात सापडतो तो कोदाका, पण वाचकालाही अंग चोरावे लागते. संस्कृत शृंगारकाव्यात संकेत उलगडायला सखी असते. मांगात सखीची जागा वाचकाची. नायकाला जे दिसत नाही ते सगळे आपल्याला दिसते आणि त्यातच आपली करमणूक असते. ज्या मुलीने धीर गोळा करून तोंड उघडले, तिचे काय झाले हे विचारायचे आपण विसरून गेलेलो असतो.

म्हणूनच कारुहो शीना यांच्या ‘किमि नि तोदोके’ या 2017 साली 30 खंडांवर संपलेल्या मांगेतली सावाको मला या यादीत बसवता येत नाही, जरी तिचे नाव तिथे हमखास घेतले जाते. लांब काळे केस, अबोल चेहरा. ‘रिंग’ या भयकथेतल्या भुतावरून मुले तिला सादाको म्हणतात आणि नजरेला नजर द्यायला भितात. काझेहाया तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो. त्याचे प्रेम साऱ्या वर्गाला दिसते, तिला नाही. पण तिची संवेदना बोथट मुळीच नाही. कोण दुखावले, कुणाला काय हवे, हे तिला चटकन कळते. फक्त कुणाचा जीव आपल्यावरही जडू शकतो, ही शक्यताच तिच्या हिशेबात धरलेली नाही. तो सगळ्यांशीच चांगला वागतो, तसा माझ्याशीही, असे ती मानते, आणि तिला आजवर जे मिळाले ते पाहता हे अनुमान तर्काला धरूनच आहे. गोकूला शिकवता येते, कोदाकाला पकडता येते. सावाकोला काय सांगणार?

शीना ते काम कुरुमीवर सोपवतात. कुरुमी सावाकोची प्रतिस्पर्धी, तिलाही काझेहाया हवा आहे. सावाकोला बाजूला सारावे या डावाने ती सुचवते की दुसऱ्या मुलांशीही बोलून बघ. सावाको आज्ञाधारकपणे र्यू या मुलाशी बोलायला जाते. तो भला आहे, शांत आहे, त्याच्याशी बोलताना अवघडायला होत नाही, छातीत धडधडत नाही. तिथे उभ्याउभ्याच तिला फरक कळतो.