शक्य ते सारं केल्यावर
(लेखमाला : श्रद्धेचे शेजारी, लेखांक ५)

मॉर्मन प्रचारक महाराष्ट्रात काही आजकाल आलेले नाहीत. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढं पुण्यात गेला. वृत्तपत्रांतून आणि चर्चमधून त्याच्यावर टीका झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या चर्चनं बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला आणि टीकाकारांना आयताच विषय मिळाला.

आज मॉर्मन मित्राशी ख्रिस्ताविषयी बोलू पाहणारे अनेक ख्रिस्ती दुसरी वाट धरतात. ते विचारतात. मॉर्मन ग्रंथात, दुसऱ्या नेफीच्या २५व्या अध्यायात, तारण कृपेनं होतं असं म्हटलं आहे, पण माणसानं शक्य ते सारं केल्यावर. मग मित्राला विचारायचं, "शक्य ते सगळं झालं, असं तुला कधी वाटतं का रे?" या प्रश्नात मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याची उलटतपासणी नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर कुणालाही छळावी अशी ही शंका आहे. मित्र कदाचित म्हणेल, "आम्ही त्याचा अर्थ 'सारं करूनही शेवटी कृपाच' असा घेतो." हे मनापासून ऐकून घ्यायला हवं. पाठ करून आणलेला पुढचा प्रश्न तिथंच रेटला, तर गप्पांची चौकशी होते.

असं धीरानं ऐकून घेण्याचं सोलापूरकरांना जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडतं. १८८२ मध्ये त्यांनी स्थापलेल्या आर्य महिला समाजाची शाखा सोलापुरातही निघाली होती. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांचे प्रश्न थांबले तर नाहीतच, उलट वाढले. देव एक, मग त्रैक्य कसं? येशूचं देवत्व कशाच्या आधारे मानायचं? वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना हे प्रश्न विचारणाऱ्या रमाबाईंच्या पत्रांत अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी मात्र ओळखलं की, ही बाई अधिकारवाणीनं गप्प बसणारी नाही. तिला तत्त्वज्ञान म्हणूनच या धर्माचा अभ्यास करू द्यावा लागेल. बील मुद्द्याला मुद्द्यानं उत्तर देत राहिल्या. भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं आहे, तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं रमाबाईंनी १८८५ मध्ये जेराल्डीन यांना बजावलं. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केला. मित्राशी धर्मावर बोलू पाहणाऱ्यानं तो जरूर वाचावा, विशेषतः बील यांच्या धीरासाठी.

कारण त्रैक्याची शंका मॉर्मन मित्रही काढणारच. त्याच्या मते पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन निरनिराळे आहेत आणि पित्याला हाडामांसाचं शरीर आहे. "तुमचं त्रैक्य बायबलात नेमकं कुठं सांगितलंय?" असं त्यानं विचारलं, तर ३२५ सालच्या निकिया परिषदेचा हवाला कामाचा नाही, तिथला निर्णय त्याला बंधनकारक वाटत नाही. त्यापेक्षा योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडून दोघांनी सोबत वाचावा. बायबल मॉर्मनही मानतात, मात्र जिथवर त्याचं भाषांतर बरोबर झालं आहे तिथवरच. ही अट कुठून आली, ते पुढच्या लेखांकात.