‘आमची कुठेही शाखा नाही!’ पण नाव तरी तुमचं आहे का?

लातूरच्या गंजगोलाईत कधी निवांत गेलात, तर जरा मान वर करून फिरा. नांदेडला वजिराबादेत गेलात तरी चालेल. दुकानांच्या पाट्या वाचा. ‘ओरिजिनल’, ‘जुने व प्रसिद्ध’, ‘नावाची खात्री करूनच आत या’ आणि सगळ्यांत लाडकी पाटी, ‘आमची कुठेही शाखा नाही’. आपण हसतो, फोटो काढतो, स्टेटसला टाकतो. पण अशा पाटीमागे बहुतेक वेळा एक भांडण असतं. कुणीतरी चालतं नाव उचललेलं असतं आणि मालकानं वकिलाऐवजी पेंटरला बोलावलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? आम्ही अजून सेकंड इयरला!

पण आपल्याच ग्रुपवर बघा ना. कुणी केक विकतंय, कुणी प्रिंटेड टी-शर्ट, कुणी घरची शेंगदाणा चटणी, कुणी लाकडी घाण्याचं करडईचं तेल. इन्स्टावर पेज, व्हॉट्सॲपवर ऑर्डर, डिलिव्हरी मित्राच्या गाडीवर. धंदा छोटा असला तरी नाव तर ठेवलेलंच असतं!

समजा, तुम्ही तिघांनी मिळून असंच तेल विकायला काढलं. एक झकास नाव ठेवलं, लेबल छापलं. दोन वर्षांत लोक नावानं मागायला लागले. आणि एक दिवस कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या वकिलाची नोटीस आली की हे नाव आमच्या पक्षकाराचं आहे, वापर थांबवा. तुम्ही फाईल उघडता. शॉप ॲक्ट आहे. उद्यम नोंदणी आहे. फूड लायसन्स आहे. जीएसटीसुद्धा आहे. मग घाबरायचं कशाला?

इथंच बहुतेक जण फसतात. यातला एकही कागद नाव तुमच्या मालकीचं करत नाही. शॉप ॲक्ट सांगतो की दुकान आहे, फूड लायसन्स सांगतं की खाण्याचा माल विकायची परवानगी आहे. अगदी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली तरी कंपनीचं नाव आणि ब्रँडचं नाव कायद्याच्या नजरेत वेगळं. नावाचा कागद एकच, ट्रेडमार्कचा.

तो काही फक्त अंबानींसाठी नसतो. ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर एखादं नाव आधीच कुणी घेतलंय का, हे फुकट शोधता येतं. स्पेलिंग बदलून सुटका होत नाही, कारण उच्चार सारखा वाटला तरी हरकत येते. वस्तू आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. खाद्यतेल २९व्या वर्गात, टी-शर्ट २५व्या, क्लासेस ४१व्या, खानावळ ४३व्या. एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये. एजंट किंवा वकील केला तर त्याचे वेगळे. अर्ज तपासून मान्य झाला की जर्नलमध्ये छापतात, पुढचे चार महिने कुणीही आक्षेप घेऊ शकतं. नोंदणी मिळाली की ती दहा वर्षांची, पुढं नूतनीकरण करत राहायचं. आणि हो, नावापुढं ‘टीएम’ कुणीही लिहू शकतं, पण गोलातला ‘आर’ नोंदणी झाल्यावरच. लेबल छान दिसतं म्हणून तो आधीच छापू नका, बेकायदा आहे.

आता नाव कसलं ठेवायचं? आपल्याकडं गावाचं किंवा वस्तूचं नाव ठेवायची फार हौस. पण जे नाव फक्त माल काय आहे किंवा कुठला आहे एवढंच सांगतं, त्याची नोंदणी सहसा होत नाही. निलंगा राईसचंच घ्या. लातुरात त्याचे गाडे आहेत, पुण्यातही आहेत. उद्या तुम्ही ‘निलंगा राईस’ एवढ्याच नावावर हक्क सांगायला गेलात, तर अडचण येणारच. ते गावाचं आणि पदार्थाचं नाव आहे. त्याला जोडून तुमचं स्वतःचं काही वेगळं नाव असेल, तर ते मात्र तुमचं होऊ शकतं. ‘लातूर पॅटर्न’चंही साधारण तसंच. तो पॅटर्न राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी जोडला जातो, पण आज कोणत्याही क्लासच्या फ्लेक्सवर ते दोन शब्द दिसतात. इतकं सगळ्यांचं झालेलं नाव एकट्याचं करणं महाकठीण.

बरं, नोंदणी केलीच नसेल तर सगळं संपलं का? नाही. इथं पुण्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी.

पुण्यात १९९२पासून ‘बर्गर किंग’ नावाचं एक खाण्याचं ठिकाण आहे. अमेरिकेची बर्गर किंग कंपनी जगभर प्रसिद्ध, पण भारतात तिचं पहिलं दुकान उघडलं २०१४मध्ये. त्याआधीच, २०११ साली, कंपनीनं पुण्याच्या या बर्गर किंगवर दावा ठोकला होता. तेरा वर्षं खटला चालला. ऑगस्ट २०२४मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयानं कंपनीचा दावा फेटाळला. पुणेकर हे नाव कंपनीचं दुकान भारतात येण्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते, हा त्यातला कळीचा मुद्दा. ट्रेडमार्क कायदा नोंदणीला मान देतो, तसा आधीपासूनच्या सलग वापरालाही देतो. पुढं कंपनी हायकोर्टात गेली. डिसेंबर २०२४मध्ये मुंबई हायकोर्टानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुणेकरांना नाव वापरायला मनाई केली, आणि मार्च २०२५मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या मनाईला स्थगिती दिली.

या खटल्यातला मला सगळ्यांत बोलका वाटलेला भाग वेगळाच आहे. आपल्याला त्रास झाला म्हणून पुण्याच्या मालकांनी २० लाखांची भरपाई मागितली होती. ती मिळाली नाही, कारण पुरावा कमी पडला. म्हणजे नाव टिकवायलाही पुरावा लागतो आणि झालेला त्रास सांगायलाही. म्हणून पहिल्या दिवसापासूनची बिलं, लेबलचे नमुने, जाहिरातीचे पैसे दिल्याच्या पावत्या, पहिल्या इन्स्टा पोस्टचा स्क्रीनशॉट, सगळं जपा. आई जशी गॅसच्या पावत्या डब्यात ठेवते, तसं. आणि दुसऱ्यानं तुमचं नोंदणीकृत नाव चोरलं, तर दावा लावायला त्याच्या शहरात जायची गरज नाही. तुम्ही राहता किंवा धंदा करता, तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो.

बाहेरच्यापेक्षा घरातलं भांडण वाईट. लोगो कुणी काढला? ‘मित्रानं काढून दिला, बिर्याणी खाऊ घातली.’ मस्त! पण कॉपीराइट कायद्यानं कलाकृतीचा पहिला मालक सहसा ती करणाराच असतो, आणि हक्क दुसऱ्याकडं जायला लेखी, सही केलेला कागद लागतो. उद्या मित्र बिनसला तर बिर्याणीचं बिल कामाला येणार नाही. तिघं भागीदार असाल तर अजून अवघड. १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण ती नसेल तर भागीदारीच्या करारातला हक्क मागायला भागीदाराला दुसऱ्या भागीदारावर साधारणपणे दावाच लावता येत नाही. एकाला नोकरी लागली, दुसरीचं लग्न ठरलं, तर पेजचा पासवर्ड कुणाकडं? नाव कुणाकडं? हे दोस्ती घट्ट असतानाच स्टॅम्प पेपरवर लिहून काढा. ‘आपल्यात काय लिहायचं’ म्हणणारा मित्र असेल, तर आधी त्याच्याकडूनच सही घ्या!

आता एक असं नाव, जे एकट्याचं नसून अख्ख्या गावाचं आहे. २०२४मध्ये लातूर जिल्ह्यातल्या तीन गोष्टींना भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. बोरसुरीची तूर डाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. बातम्या आल्या, आपण फॉरवर्ड केल्या, विसरलो. पण जीआय म्हणजे सत्काराची शाल नव्हे, कायद्यानं दिलेला हक्क आहे. दुसरीकडची डाळ पोत्यात भरून वर ‘बोरसुरी’ लिहिलं तर तो गुन्हा ठरू शकतो, तुरुंगवासाची तरतूद आहे. ट्रेडमार्क विकता येतो, जीआय विकता येत नाही.

पण जीआय राखतं ते नाव. जून २०२५मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या तेव्हा किती गदारोळ झाला, आठवतंय? कोल्हापुरीला २०१९पासून जीआय आहे. पण प्राडानं कोल्हापुरी हा शब्द वापरलाच नव्हता. काही वकील जनहित याचिका घेऊन मुंबई हायकोर्टात गेले, ती जुलैमध्ये फेटाळली गेली. कोर्टाचं म्हणणं असं की जीआय ज्यांच्या नावावर आहे त्यांनी यावं. महाराष्ट्रात ते नाव आहे ‘लिडकॉम’ या चर्मोद्योग महामंडळाच्या नावावर, कर्नाटकात तिथल्या महामंडळाच्या. राग तुम्हाला-मला कितीही येवो, कोर्टात उभं राहायला कागदावर नाव लागतं.

बोरसुरीचंही तेच. मानांकन नोंदलेलं असलं, तरी त्या भागातल्या ज्या शेतकऱ्याला ते नाव आपल्या पिशवीवर हक्कानं छापायचंय, त्यानं ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी लागते. अर्ज चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीकडं जातो, नमुना जीआय-३. त्याची फी आधी ५०० रुपये होती, २०२०मध्ये ती १० रुपये केली. कटिंग चहाची किंमत! तुमचं शेत निलंगा तालुक्यात असेल, घरी तूर होत असेल, तर या दिवाळीत गावी गेल्यावर वडिलांना एवढंच विचारा, ‘बाबा, आपला तो फॉर्म भरलाय का?’ नसेल भरला, तर लॅपटॉप तुमच्याकडं आहेच.