निळे पंप मोजतो कोण?

मेच्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन पार पडला. फुगे फुगवून झाले, मोफत तपासणी शिबिरांचे फोटो छापून आले. दम्याच्या रुग्णाला डॉक्टरांपेक्षा जास्त वेळा भेटणारा माणूस मात्र या फोटोंत सहसा नसतो. तो मेडिकलच्या काउंटरमागे उभा असतो.

इंग्लंडने २०११ मध्ये त्याला बोलते केले. ‘न्यू मेडिसिन सर्व्हिस’ या सरकारी योजनेत दम्यासारख्या आजारावर नवे औषध सुरू झाले, की फार्मासिस्टने रुग्णाशी तीनदा बोलायचे: औषध देताना, दोनेक आठवड्यांनी आणि पुन्हा महिन्याभरात. योजनेतले सगळे आजार धरून एक चाचणी झाली. दहा आठवड्यांनंतर औषध नीट घेणारे रुग्ण नेहमीच्या पद्धतीत ६१ टक्के होते, योजनेत ७१ टक्के. चमत्कार नव्हे, पण नुसत्या बोलण्याची कमाई म्हणून वाईटही नाही.

रुग्णांना यात काय आवडते? अपॉइंटमेंट लागत नाही, हे तर झालेच. डॉक्टरांसमोर ‘रोज घेतो’ म्हणणारा माणूस इथे सांगून टाकतो, की बरे वाटले तसे बंद केले, स्टिरॉइडची धास्ती वाटते. तक्रारीही आहेत. मागे रांग ताटकळत असताना छातीचे रडगाणे कोण गाणार? शिवाय वर्षानुवर्षे पंप ओढणाऱ्याला शिकवणी नको असते. करून दाखवा म्हटले, की मग कळते: पंप दाबला आधी, श्वास घेतला नंतर. औषध घशातच राहिले. ओढल्यावर दहा सेकंद श्वास रोखायचा, हेही अनेकांच्या गावी नसते.

पण काउंटरचा खरा उपयोग शिकवणीपेक्षा मोजणीत आहे. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंचा राष्ट्रीय आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तात्पुरता आराम देणाऱ्या, म्हणजे बहुधा निळ्या, पंपांची नोंद १६५ मृतांबाबत सापडली. त्यांपैकी ६५ जणांना शेवटच्या वर्षात बारापेक्षा जास्त पंप लिहून दिले होते. सहा जणांना पन्नासहून अधिक! निळा पंप श्वासनळ्या मोकळ्या करतो, आतली सूज तशीच राहते. म्हणूनच ‘जिना’ या जागतिक दमा संघटनेने २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका, असे बजावले आहे. पण महिन्याला चार-चार पंप नेणारा रुग्ण आधी दिसतो कोणाला? ते देणाऱ्यालाच.

आपल्याकडे ‘निळा पंप द्या’ म्हटले, की तो चिठ्ठीशिवायही मिळून जातो. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य मात्र घरोघरी. मग कोजागरीच्या खिरीतले औषध, मृगाला हैदराबादचा मासा. आणि यंत्रात घालून ओढायची रोटाकॅप पाण्याबरोबर गिळणारेही आहेत. पुडी हातात पडताना कोणी दोन शब्द बोललेलेच नसतात.

ते बोलणे नियमात नाही असे नव्हे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत रुग्णाला औषधाचा वापर आणि दुष्परिणाम समजावणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम मानले आहे. फरक पैशाचा आहे. इंग्लंडमध्ये त्या बोलण्याची फी सरकारी आरोग्यसेवा दुकानाला देते. इथे कमाई होते ती पुढचा निळा पंप विकून.