मोबाइलसमोर उघडलेला ग्रंथ
जावा बेटावरच्या इस्लामी निवासी पाठशाळांना ‘पसांत्रेन’ म्हणतात. तिथे गुरू, म्हणजे ‘क्याई’, अरबी ग्रंथ वाचत शब्दागणिक जावानीज अर्थ सांगतात. विद्यार्थी तो ओळींमधल्या मोकळ्या जागेत तिरका लिहून घेतात. हीच बैठक इंडोनेशियातले इस्लामी विद्वान उलिल अबशार अब्दल्ला यांनी २०१७ मध्ये फेसबुकवर नेली. मध्ययुगीन विद्वान इमाम गझालींचा ‘इह्या’ हा अरबी ग्रंथ ते थेट प्रक्षेपणात वाचू लागले. मोबाइल सांभाळायला पत्नी. छोट्या चित्रफितींच्या गर्दीत असं सावकाश वाचन लोक ऐकतात, हे मला फार मोलाचं वाटतं. दुसरे एक क्याई, गुस बहा, यांची प्रवचनं तर श्रोत्यांच्या ध्वनिमुद्रणांतूनच यूट्यूबवर पसरली. पडद्यावर ‘सोरोगान’ ही पद्धत मात्र राहून जाते: त्यात एकेक विद्यार्थी गुरूसमोर बसून वाचतो आणि चुकला की तिथल्या तिथे थांबवला जातो.